काकांच्या नावावरचा नंबर

किस्से गोळा करावे लागत नाहीत. सर्व्हर बंद पडला की ते आपणहून येऊन बाकावर बसतात.

मी खंडेराव गेटजवळ जनसेवा केंद्र चालवते. म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर, अंगठे घेण्याचं एक यंत्र आणि दाराबाहेर एक लाकडी बाक. बी.सी.ए. झाल्यावर मी नोएडाला जाणार होते. आई म्हणाली, ‘आधी सहा महिने इथंच काहीतरी कर.’ त्या सहा महिन्यांना आता तीन वर्षं झाली. बाक गिऱ्हाइकांसाठी ठेवला होता. पण झाशीतली आमची मराठी म्हातारी मंडळी रोज दुपारी चारला त्यावर येऊन बसतात आणि सरकार, सॉफ्टवेअर आणि माझं लग्न या तीन विषयांवर मतं देतात. तिन्ही विषयांची त्यांना सारखीच माहिती आहे.

कायमचे तिघं. भाऊसाहेब पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं पेशव्यांच्या काळात इथं आलं आणि तेव्हापासून हिशेबानं बोलतं. सुभेदारकाका मूळचे साताऱ्याकडचे. बबीन्याच्या छावणीत नोकरी संपली आणि इथंच घर बांधलं. आणि नलूकाकू. त्या बोलतात कमी. त्यांच्या मांडीवर एक साधा बटणांचा फोन असतो आणि पिशवीत पंचांग.

*

भाऊसाहेबांना आधारवरचा पत्ता बदलायचा होता. दहा मिनिटांचं काम. त्यांच्या फोनवर ओटीपी आला. मी म्हटलं, ‘सांगा.’

ते म्हणाले, ‘इथं लिहिलंय, कोणालाही सांगू नका.’

‘हो, पण मला सांगायचा.’

‘तू कोणालाहीमध्ये येत नाहीस का?’

मी समजावलं. सुभेदारकाकांनी समजावलं. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही वादात संपला. भाऊसाहेबांनी बत्तीस वर्षं रजिस्टर पत्रं हाताळली होती. ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात, हा त्यांचा धर्म. मला हे सगळं कळतं, पण मागे सात माणसं रांगेत उभी असताना कळत नाही. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, तुमच्यासारख्यांमुळे हा देश मागे आहे.’

त्यावर त्यांनी तिसरा ओटीपी एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी केली, माझ्याच टेबलावरून पाकीट घेतलं, डिंक लावला, दाबून वाळू दिला आणि पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘पोच लिहून दे.’

मी रागाच्या भरात पोच लिहून दिली. पाकीट फोडेपर्यंत ओटीपी संपला होता.

पत्ता अजून जुनाच आहे. पोच त्यांनी फायलीत लावलीय.

*

सरकारी धोरणांवर बाकाची मतं ठाम आहेत. भाऊसाहेब म्हणतात, ‘पूर्वी एक कागद तीन टेबलांवरून फिरायचा. आता टेबल एकच आहे, पण तिथं कोणी बसत नाही.’

मी म्हणते, ‘म्हणूनच लाच मागायलाही कोणी बसत नाही.’

‘ते खरं,’ ते म्हणतात. ‘पण मागणारा निदान हो तरी म्हणायचा.’

एकदा एका अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की आता सगळं कागदाविना. त्यासाठी अर्ज डाउनलोड करून छापायचा, त्यावर सही करायची, स्कॅन करायचा आणि चढवायचा. चार वेळा छापला, कारण दर वेळी फोटो चौकटीबाहेर जायचा. मानिक चौकातून कागदाचं नवं रीम आणायला मी भर उन्हात निघाले तेव्हा सुभेदारकाका मागून म्हणाले, ‘बेटा, कागदाविनाचं आहे ना? मग दोन आण.’

*

सुभेदारकाकांचा हयातीचा दाखला मात्र लक्षात राहण्यासारखा. आता बँकेत जाऊन ‘मी जिवंत आहे’ असं सांगावं लागत नाही. फोनसमोर चेहरा धरायचा, एकदा पापण्या मिटून उघडायच्या, की सरकारला पटतं.

काका टोपी घालून, मिशा विंचरून आले. मी फोन समोर धरला आणि म्हटलं, ‘सरळ बघा.’

ही माझी चूक. ‘सरळ बघ’ ही त्यांच्यासाठी सूचना नव्हती, आज्ञा होती. छाती पुढे, हनुवटी वर, नजर फोनच्या पलीकडे कुठेतरी सीमेवर.

‘काका, पापण्या मिटा.’

‘सावधानमध्ये पापणी हलत नाही.’

‘तुम्ही आता फौजेत नाही आहात.’

‘सवयीला निवृत्ती नसते, बेटा.’

अॅपनं तीनदा कळवलं की समोरची व्यक्ती जिवंत असल्याची खात्री होत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पापणी हलेना. माझा आवाज चढायला लागला. तेव्हा बाकावरून नलूकाकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘विश्राम.’

काकांचे खांदे उतरले, पाय फाकले, पापण्या मिटल्या. फोनवर हिरवी खूण आली.

काकू पंचांगातून मान वर न करता म्हणाल्या, ‘माणूस जिवंत आहे हे विश्राममध्येच कळतं.’

*

आता नलूकाकूंच्या फोनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या फोनभोवती आहे.

काकूंचे यजमान रेल्वेत कारकून होते आणि पंचांग बघायचे. वास्तुशांत, मुंज, बारसं, दुकानाचं उद्घाटन, काहीही असो, बबीन्यापासून एरचपर्यंतची माणसं त्यांना फोन करायची. शेवटची चार-पाच वर्षं काकांना अक्षर दिसत नव्हतं. काकू पंचांग वाचायच्या, काढून द्यायच्या. काका फोनवर सांगायचे. दोन वर्षांपूर्वी काका गेले. फोन थांबले नाहीत. काकूंनी एकदा उचलला, एकदा सांगितलं, मग सांगतच राहिल्या. नंबर काकांच्याच नावावर राहिला. बदलायचं कोणाला सुचलंही नाही.

जानेवारीत त्या फोनवर मेसेज आला. कंपनी जुन्या नंबरांची पडताळणी करत होती. ज्याच्या नावावर नंबर, त्यानं महिन्याच्या आत खात्री करून द्यावी, नाहीतर नंबर बंद.

भाऊसाहेबांनी मेसेज दोनदा वाचला. ‘नियम बरोबर आहे. ज्याच्या नावाचं पत्र, त्यालाच द्यायचं.’

‘भाऊसाहेब, काका वारलेत.’

‘मग पत्र परत,’ ते म्हणाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. काकू शेजारीच होत्या.

मी काम उरकायच्या घाईत होते. म्हटलं, ‘काकू, एवढं काय त्यात? नवा नंबर घ्या. पाच मिनिटांत मिळतो.’

‘नंबर मला मिळेल गं,’ काकू म्हणाल्या. ‘लोकांना मी कशी मिळेन?’

*

हे म्हणणं मला लगेच कळलं नाही. कळलं ते दोन दिवसांनी, सुभेदारकाकांमुळे.

त्यांच्या पुतण्याची वास्तुशांत होती. मी त्यांना माझ्या फोनवरचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं अॅप दाखवत होते. म्हटलं, ‘विचारा काहीही. सगळं येतं त्याला.’ काकांनी मुहूर्त विचारला. अॅपनं भलंमोठं उत्तर दिलं; वास्तुशांत म्हणजे काय, तिचं महत्त्व, घ्यायची काळजी. आणि शेवटी लिहिलं, ‘नेमक्या मुहूर्तासाठी स्थानिक जाणकारांचा सल्ला घ्यावा.’

काकांनी ‘ठीक आहे’ म्हणून स्वतःचा फोन काढला आणि नंबर लावला. बाकावर त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल एवढ्यावर, काकूंचा फोन वाजला.

‘हॅलो, कोण?’

‘मी सुभेदार बोलतोय. पुतण्याची वास्तुशांत आहे.’

‘नक्षत्र सांगा.’

दोघं समोर रस्त्याकडे बघत पाच मिनिटं फोनवर बोलले. मी म्हटलं, ‘अहो काका, त्या शेजारी बसल्यात. फोन कशाला?’

‘कामाचं असेल तर प्रॉपर चॅनेलनं जायचं,’ काका म्हणाले.

काकूंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘त्यांचं बरोबर आहे. समोर बसून मुहूर्त मला कोण विचारेल? कपाळ दिसतं ना. फोनवर नुसता आवाज असतो.’

त्या दिवशी मी नंबर नावावर करून घेण्याचा अर्ज भरायला घेतला.

*

अर्जात एक रकाना होता, मातृभाषा. खाली उघडणाऱ्या यादीत पाच-सहा भाषा होत्या, मराठी नव्हती. शेवटी होतं ‘अन्य’.

भाऊसाहेब भडकले. ‘दोनअडीचशे वर्षं इथं राहून आम्ही अन्य? लिही त्यांना. तक्रार कर.’

‘तक्रारीचा अर्जसुद्धा हिंदीतच आहे,’ मी म्हटलं.

‘मग हिंदीत कर. हिंदीत आम्हाला चांगलं भांडता येतं.’

ते खरंच आहे. माझं तर वाक्य मराठीत सुरू होतं आणि भांडण आलं की हिंदीत संपतं. काकूंनी स्क्रीनकडे बघितलं. ‘अन्यच कर गं. शेवटी असलं तरी त्यात सगळे मावतात.’

पुढचा रकाना होता, ‘मृत व्यक्तीशी नातं’. तिथं यादीत ‘पत्नी’ होतं. मी ते निवडलं आणि त्याखाली निळ्या अक्षरांत नवी ओळ आली: अर्जदाराची व्हिडिओवर पडताळणी होईल. संधी तीन.

*

मधल्या काळात आमच्या घरी एक गोष्ट घडली, तीही सांगून टाकते.

संक्रांत झाली होती. रथसप्तमीपर्यंत आमच्या चार घरांत हळदीकुंकवं असतात. आईनं फोन लावून विचारलं, ‘काकू, आमच्याकडचं कधी ठेवू?’ काकूंनी पंचांग बघून सांगितलं, ‘शुक्रवारी ठेव. चारनंतर चांगलं आहे.’ आईनं शुक्रवार धरला आणि गल्लीभर बोलावणी केली. काकूंना सोडून.

मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ‘दिवस त्यांनी काढून द्यायचा आणि त्यांनाच बोलावायचं नाही?’

‘तसं नाही गं,’ आई तीळ भाजत म्हणाली. ‘त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.’

‘त्यांना विचारलंस?’

‘असं विचारतात का कोणाला?’

‘मुहूर्त विचारलास की.’

तीळ थोडे करपले. मला वाटलं मी जिंकले, पण बोलावणं गेलं नाहीच.

*

पहिली संधी आम्ही सोमवारी घेतली. लॅपटॉप टेबलावर, काकू खुर्चीत, पदर सारखा केलेला. पडद्यावर कंपनीचा एक तरुण मुलगा आला, कानाला हेडफोन लावलेला. त्यानं काकूंचं नाव विचारलं, पत्ता विचारला. काकूंनी चटचट सांगितलं. मग तो म्हणाला, ‘माताजी, नंबर जिनके नाम पर है, उनका नाम बोलिए.’

काकूंनी पदर पुन्हा सारखा केला.

‘माताजी, पति का नाम.’

‘काग़ज़ पर लिखा है, बेटा.’

‘लिखा है, पर आपको बोलना पड़ेगा. रिकॉर्डिंग होती है.’

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग स्वतःच्या हातांकडे. दोन मिनिटं उलटली आणि पडदा काळा झाला. वेळ संपली.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि माझं डोकं फिरलं. ‘काकू, तुम्ही काकांचं नाव घेत नाही? आजच्या काळात?’

‘कधी घेतलंच नाही गं तसं.’

‘काकांना जाऊन दोन वर्षं झाली. आता कोण रागावणार आहे?’

‘रागावत तर तेही नव्हते,’ काकू म्हणाल्या. त्यांनी चपलेतला पाय थोडा पुढे केला. बोटावर जोडव्याच्या जागी फिकट वळं होतं. ‘काढलं तरी बोटाला माहीत असतं ना, तसं आहे ते. जीभ उचलत नाही.’

*

दुसरी संधी मंगळवारी. मी काकूंकडून आदल्या दिवशी सराव करून घ्यायचा प्रयत्न केला होता. पहिल्या अक्षरापर्यंतही गाडी आली नव्हती. मुलगा तोच होता. प्रश्न तोच आला. काकूंनी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद उतरत होते. चाळीस. तीस. पंधरा.

आणि मी मागून काकांचं पूर्ण नाव आडनावासकट ओरडून सांगून टाकलं.

मुलानं मान हलवली. ‘मैडम, दूसरे व्यक्ति की आवाज़ आ गई. सेशन कैंसिल करना पड़ेगा.’

सुभेदारकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. भाऊसाहेब उठून टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘पोरी, आम्ही हळू आहोत म्हणून तू आमच्यावर चिडतेस. पण ज्याचं त्यानंच द्यायचं असतं काही काही.’

त्यांच्यावर ओरडायला मला तोंड राहिलं नव्हतं. आता एकच संधी उरली होती, आणि दुसरी मीच घालवली होती.

काकू मात्र रागावल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, ‘एकदा घेतलंय मी. म्हणजे पुष्कळदा घेतलंय. लग्नात, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला. उखाण्यात.’

‘मग घ्या ना उखाण्यात!’

‘आता कोण म्हणतं, नाव घ्या म्हणून?’ एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली.

*

तिसरी संधी गुरुवारी दुपारी साडेचारला होती. महिनाभराच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. शुक्रवारपासून नंबर बंद.

मी दाराचा अर्धा पत्रा ओढून घेतला, पंखा बंद केला, प्रिंटरची पिन काढली. भाऊसाहेब आणि सुभेदारकाका आत भिंतीला टेकून उभे राहिले. सुभेदारकाका अर्थातच सावधानमध्ये. मी स्वतःच्या तोंडावर ओढणीचं टोक धरलं होतं. त्याच वेळी आई चहाची किटली घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तशीच दारात थांबली.

मुलगा पडद्यावर आला. नाव झालं, पत्ता झाला. मग त्यानं कागद चाळले आणि जरा थांबला. बहुधा त्याला मागच्या दोन वेळा आठवल्या असाव्यात. आवाज थोडा खाली आणून तो म्हणाला, ‘माताजी, अब नाम लीजिए.’

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. कोणीतरी नाव घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, पाठ सरळ केली, आणि लॅपटॉपकडे न बघता, जशा जमलेल्या बायकांकडे बघून म्हणतात तशा, अगदी खणखणीत आवाजात म्हणाल्या:

‘बेतवेला पाणी, एरचला घाट,
श्रीधररावांच्या नंबरावर लोक बघतात वाट.’

सेकंद उतरत होते.

‘माताजी,’ तो म्हणाला, ‘ये कविता थी?’

‘नहीं बेटा,’ काकू म्हणाल्या, ‘नाम था.’

त्यानं खाली बघितलं, कागदावर बोट फिरवलं. ‘श्रीधर. जी. मिल गया.’ आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

मी ओढणी सोडली. सुभेदारकाका स्वतःहून विश्राममध्ये आले. भाऊसाहेबांनी मला विचारलं, ‘पोच मिळेल का याची?’ मी प्रिंटरची पिन लावली आणि पहिल्यांदाच काही न बोलता पोच छापून दिली. चहासाठी वळले तर किटली टेबलावर होती आणि आई निघून गेली होती.

कप भरत होते तेवढ्यात काकूंच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखा उचलला.

‘हॅलो, कोण?’

पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता. पण आमचं घर गल्लीच्या टोकालाच आहे, आणि गॅलरीत फोन कानाला लावून, आमच्याकडे पाठ करून उभी असलेली आई मला दारातून दिसत होती.

‘बोल ना,’ काकू म्हणाल्या. ‘कशाचा मुहूर्त हवाय?’

मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.

‘उद्या चारनंतर चांगलंच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मीच तर काढून दिलाय. येते.’